पागोटे

पागोटे : डोक्याभोवती वेढे देऊन बांधावयाचे लांब व अरुंद पटीचे शिरोवस्त्र. या शब्दाचा अर्थ व्यवहारात बराच सैल झाला असून पगडी, फेटा, पटका, मुंडासे, रुमाल, मंदील, साफा इ. शब्द त्याच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः हे शब्द निरनिराळ्या वस्त्रांचे, बांधण्याच्या निरनिराळ्या रीतींचे आणि पुष्कळदा निरनिराळ्या समाजवर्गांचे निदर्शक होते. पागोटे दररोज किंवा लागेल तेव्हा डोक्यावर बांधावयाचे व सोडावयाचे. पगडी एकदा कारागिराकडून बांधवून घ्यावयाची आणि टोपीप्रमाणे उचलून डोक्यावर ठेवावयाची. फेट्याचे कापड रुंदीला सुमारे हात-दोन हात, लांबीला मात्र पागोट्यापेक्षा कमी. पागोट्याची पट्टी वीतभर रुंदीची असून चाळीस हात किंवा त्याहूनही लांब असू शके. हा भेद ध्यानात न घेतल्यास जुनी कागदपत्रे, बखरी आणि चित्रे वाचताना घोटाळा होतो.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने पागोटे व पगडी हे दोन्ही शब्द ‘पाग’ या एकाच मुळाकडे जातात. हिंदी पाग व पगडी, पंजाबी पग्ग, गुजराती पाघडी, बंगाली पाग ही त्याची भावंडे होत. द्राविडी भाषांतही हा शब्द शिरला आहे. तेलुगूतील तलपाग व तमिळमधील तलैप्पागै यांत ‘तल’, ‘तलै’ म्हणजे डोके. कन्नडमध्ये पागु हे रूप आढळते. संस्कृतात मात्र या अर्थाचा, या शब्दाशी जुळणारा मूळ शब्द नाही. मराठीसारख्या भाषांत दोन स्वरांमधील एकेरी ‘ग’ प्राकृत अवस्थेतच लोप पावला. ‘नगर’ याचे ‘नेर’ झाले (संगमनेर, पारनेर, जामनेर या ग्रामनामांत ते दिसते), ‘सागर’ याचे ‘सायर’ झाले. त्यामुळे ‘पाग’ यात जो ‘ग’ टिकला, तो प्राकृतातील जोड ‘ग्ग’ वरून आला असला पाहिजे. पंजाबीने तो जोडवर्ण अद्याप राखलेला आहे. मराठीने व हिंदीने तो सोडून आधीचा स्वर दीर्घ केला. यावरून भाषाशास्त्रज्ञांनी ‘पग्ग’ असे मूळ रूप कल्पिले आहे. संस्कृतातील प्रग्रह (लगाम, बंधन) हा शब्द ध्वनिदृष्ट्या जवळ जाणारा आहे. परंतु त्याचा शिरोवेष्टन असा अर्थ रूढ नव्हता. तेव्हा पाग हा देश्य शब्द मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘पग’ म्हणजे पाऊल, यावरून पगडीची उत्पत्ती लावण्याचा प्रयत्न लोकव्युत्पत्तीच्या सदरात जमा करावा लागतो. घोड्यांची पागा या शब्दाशीही पागोट्याचा संबंध नाही. तो फार्सी ‘पायगाह’ वरून आलेला आहे.

पर्यायी शब्दांची कुळे पाहिली म्हणजे महाराष्ट्राच्या वेषावर झालेल्या संस्कारांचा जणू आलेखच समोर येतो. मुंडासे हा शब्द ‘मुंड’ (डोके) या शब्दाशी उघडच निगडित असून लग्नातील मुंडावळी त्याच्याच नात्यातील आहेत. फेटा हा ‘गुंडाळणे’, ‘वेढा देणे’ या अर्थाच्या देश्य शब्दांपैकी होय. हिंदीत ‘फेंटा’ म्हणजे कमरेचा वेढा; मराठीत तो डोक्यावर चढला, तर कन्नडमध्ये ‘पेट’ या रूपाने तो म्हैसूरच्या दरबारी शिरोवस्त्राचे नाव बनला. पटका या शब्दाचीही अशीच कमर ते डोके अशी वाटचाल झालेली आहे आणि मराठ्यांच्या जरीपटका या निशाणात तो तिसऱ्याच अर्थाने दिसतो. मंदील हे जरीकाम केलेले मोलाचे शिरोवस्त्र. शब्द अरबीतून आला, पण अरबीतही तो मूळ लॅटिन भाषेतील हातपुसण्याच्या वस्त्रावरून गेलेला आहे. रुमाल फार्सी असून त्याचा शब्दशः अर्थ ‘तोंड पुसण्याचे फडके’ असा आहे. महाराष्ट्रात तो मोठा चौकोनी करून डोक्यास बांधू लागले. हात-तोंड पुसण्याची दोन परकी वस्त्रे मराठी माणसाच्या मस्तकावर मानाने विराजमान व्हावीत, हा शब्दार्थाच्या उत्क्रांतीचा एक गमतीदार नमुना म्हणावा लागेल. साफा हा ‘स्वच्छ’ या अर्थाच्या अरबी शब्दाशी, तर पागोट्याचा पाठीवर सोडलेला पदर म्हणजे शेमला हाही अरबीशी संबंधित आहे. यूरोपीय भाषांतील ‘टर्बन’ फार्सी ‘दुलबंद’ वरून तुर्कीमार्गे गेला. ट्यूलिप या फुलाचे नावही त्याच शब्दावरून, फुलाच्या आकारसाम्यामुळे पडले.

शब्द अर्वाचीन असला तरी वस्तू फार प्राचीन आहे. वैदिक वाङ्मयात तिला उष्णीष म्हणतात. ‘उष्णतेचे निवारण करणारे’ अशी त्याची परंपरागत व्युत्पत्ती आहे. अथर्ववेदाच्या व्रात्यकांडात दिवस हे व्रात्याचे उष्णीष कल्पिले आहे. पंचविंश ब्राह्मणात व्रात्य ते तिरपे बांधतात असे वर्णन येते. राजसूयात राजाला उष्णीष देण्याचा विधी शतपथ ब्राह्मणात आहे. श्येनयागात ऋत्विजांनी तांबडी उष्णीषे धारण करावीत असे विधान असून मीमांसकांनी आपल्या चर्चेत हे उदाहरण वारंवार घेतले आहे. गृह्यसूत्रांनुसार विद्या संपवून घरी परतणाऱ्या स्नातकाला जी वस्त्रे व वस्तू धारण करावयाच्या असतात, त्यांतही उष्णीष आहे. म्हणजे अधिकार, दीक्षा व प्रौढत्व यांची खूण म्हणून शिरोवस्त्राला मिळालेले स्थान फार जुने आहे. पुढे बौद्ध मूर्तिशास्त्रात उष्णीष या शब्दाचा अर्थ पालटून बुद्धाच्या मस्तकावरील उंचवटा असा झाला. बोलीतून मात्र हा शब्द नाहीसा झाला. मराठीत त्याचे तद्भव रूप उरलेले नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत जुना दृश्य पुरावा लेण्यांत सापडतो. भाजे, कोंडाणे, बेडसे, कार्ले व कान्हेरी येथील पुरुषाकृतींच्या डोक्यांवर भरगच्च शिरोवेष्टने कोरलेली आहेत. कपाळावर किंवा एका बाजूस कापडाचाच मोठा गोंडा किंवा गाठ हे त्यांचे वैशिष्ट्य. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील सातवाहनकालीन चित्रांतील राजा व त्याचा परिवार असेच वेष्टन बांधतो. त्याच अजिंठ्यातील पाचव्या शतकातील चित्रांकडे वळले की राजपुरुषांच्या डोक्यांवर रत्नजडित मुकुट दिसू लागतात. हा बदल राजवेषाचा आहे. सामान्य माणसाने डोक्यास कापड गुंडाळणे सोडले असे त्यावरून समजू नये. चित्रकारास त्याचे प्रयोजन उरले नाही, एवढेच.

बहमनी व त्यानंतरच्या सुलतानी राजवटींत पागोट्यास दरबारी वेषाचे स्थान मिळाले. या दृष्टीने अहमदनगरच्या निजामशाहीचे (१४९०–१६३६) महत्त्व विशेष आहे. पहिल्या हुसेन निजामशहाच्या गौरवार्थ रचलेल्या तारीफ-इ-हुसेनशाही या काव्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या लढाईच्या (१५६५) सुमाराची ही चित्रे दख्खनी चित्रकलेतील सर्वांत जुन्या चित्रांपैकी असून तत्कालीन दख्खनी वेषाचे ते महत्त्वाचे साधन होय. मलिक अंबरची (मृ. १६२६) जी समकालीन चित्रे उपलब्ध आहेत, त्यांत त्याच्या अंगावर पांढरा जामा व डोक्यावर फिकट रंगाचे आटोपशीर पागोटे दिसते. याच दरबाराच्या आश्रयाने भोसले, जाधव इ. मराठा घराणी उदयास आली. मराठा सरदारांच्या वेषातील जामा, शेला व पागोटे ही त्रयी कशी घडली, याचा विचार करताना निजामशाहीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील दख्खनी चित्रे यूरोपातील संग्रहांत आहेत. त्यांतही डोक्यावर तुरा खोवलेले व आडवी पट्टी बांधलेले पागोटेच आहे. लोकमानसात रूढ झालेला जिरेटोप त्यांत आढळत नाही.

दरबारी पागोट्याबरोबर अलंकारही आले. पागोट्यावर पुढील बाजूस लावावयाचा रत्नजडित शिरपेच, पिसांची किंवा मोत्यांची कलगी आणि तुरा हे त्यांतील प्रमुख होत. मानाची वस्त्रे देण्यासाठी रूढ झालेला शिरपाव हा शब्द ‘सर-ओ-पा’, म्हणजे नखशिखांत पोशाख, यावरून आला. पेशवेपदाची वस्त्रे सातारच्या छत्रपतींकडून येत, ती याच परंपरेतील. कलगी आणि तुरा हे अलंकार पुढे शाहिरांच्या दोन परंपरांची नावे बनले. शक्तीला श्रेष्ठ मानणारे ते कलगीवाले व शिवाला श्रेष्ठ मानणारे ते तुरेवाले. त्यांच्यातील सवालजबाब महाराष्ट्रातील गावोगावी रंगत. शाहिराचा फेटा व त्याचा ताठ तुरा हे चित्र आजही रूढ आहे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हा याच जिल्ह्यातील संगमनेरचा. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशामुळे तो लावणी सोडून कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे.

पगडीचा खरा विकास अठराव्या शतकात झाला. पेशवाईत लेखन व कारभार करणाऱ्या वर्गाला रोज कापड गुंडाळण्यापेक्षा तयार शिरोभूषण सोयीचे वाटले असावे. पगडी बांधणाऱ्या कारागिरास पगडबंद म्हणत. गिऱ्हाइकाच्या डोक्याचे माप घेऊन कागदाच्या किंवा जाड कापडाच्या सांगाड्यावर तो तलम कापडाच्या चुण्या एकावर एक बसवी. पुणेरी पगडीत कपाळाच्या वर पुढे आलेल्या टोकाला कोका म्हणतात. चंदेरी, बुऱ्हाणपूर, पैठण तसेच विदर्भातील उमरेड व पवनी येथील तलम कापड त्यासाठी नावाजलेले होते. रंगाचे काम रंगाऱ्यांकडे असे. कुसुंब्याच्या फुलांपासून तांबडा, गुलाबी व केशरी छटा मिळत, परंतु हा रंग उन्हापावसात टिकत नसल्याने पागोटे वरचेवर पुन्हा रंगवावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आल्यावर या कामाचा मोठा भाग रंगाऱ्यांच्या हातून गेला. जेम्स वेल्स याने १७९२ मध्ये रंगविलेले सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे चित्र पेशवाईच्या उत्तरकालीन वेषासाठी पाहण्याजोगे आहे.

मराठी सत्तेचा विस्तार झाला तशा पगड्यांच्या शैलीही सरदार घराण्यांच्या नावांनी ओळखल्या जाऊ लागल्या. ग्वाल्हेरची शिंदेशाही व इंदूरची होळकरशाही या त्यांतील सर्वांत ख्यातनाम. शिंदेशाहीचा घाट टोकदार व पिळाच्या असंख्य घड्यांचा असून तिला फार लांब कापड लागते. या दोन्ही घराण्यांचे धागे अहमदनगर जिल्ह्याशी जुळलेले आहेत. श्रीगोंदे हे शिंद्यांच्या जहागिरीचे ठिकाण होते व पारनेर तालुक्यातील जामगाव येथे महादजी शिंदे यांचा वाडा आहे. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातील चोंडी येथे झाला. २०२४ मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच. उत्तरेत गेलेल्या मराठ्यांनी तेथील राजपूत व मोगल रीतींतून बरेच उचलले. तरीही पगडीच्या घाटावरून माणूस कोणत्या सरदाराच्या पदरी आहे, हे दुरून ओळखता यावे इतके वेगळेपण त्यांनी राखले.

पागोटे हे प्रतिष्ठेचे चिन्ह होते, त्याचप्रमाणे ते भेदाचेही चिन्ह होते. पगडी ब्राह्मणांची व काही सधन व्यापारी जातींची; पागोटे मराठे, माळी इ. शेतकरी जातींचे, तांबडे किंवा पांढरे मुंडासे धनगर व इतर कष्टकऱ्यांचे, अशी स्थूल विभागणी एकोणिसाव्या शतकात होती. अस्पृश्य मानलेल्या जातींवर वस्त्रांच्या बाबतीत जी बंधने लादली गेली, त्यांतून शिरोवस्त्रही सुटले नाही. चांगले पागोटे बांधून वरच्या जातींच्या वस्तीतून जाणे हा उद्दामपणा समजला जाई. त्यामुळे महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या चित्रातील पागोटे आणि लोकमान्य टिळकांच्या (१८५६–१९२०) चित्रातील पगडी यांकडे केवळ वेषभेद म्हणून पाहता येत नाही. २०१८ मध्ये पुण्यातील एका राजकीय सभेत पुणेरी पगडीऐवजी फुल्यांच्या पद्धतीचे पागोटे घालण्याचा आग्रह धरला गेला व त्यावर महाराष्ट्रभर वाद झाला. वृत्तपत्रांनी त्या पागोट्याचा उल्लेख ‘फुले पगडी’ असा केला. वस्तूचा वाद रंगला असताना शब्दातील भेद कोणाच्या लक्षातही आला नाही. पुणेरी पगडीस २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले आहे.

ग्रामव्यवस्थेत पागोट्याला हक्काचे व देवघेवीचे स्थान होते. पाटलाच्या मानपानात पागोट्याचा समावेश असे. सरकारातून किंवा गावाकडून सन्मान म्हणून शेला व पागोटे देत, त्यावरून ‘शेलापागोटे’ हा जोडशब्द रूढ झाला. पुढे थट्टेने एखाद्याला उद्देशून रचलेल्या चार ओळी व दिलेल्या गमतीदार पदव्या यांनाही शेलापागोटेच म्हणू लागले. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतून हा प्रकार अनेक वर्षे चालला. सन्मानाच्या शब्दाचे टवाळीत झालेले हे रूपांतर मराठी स्वभावाला साजेसे आहे. डोक्यावरचे पागोटे दुसऱ्याच्या पायांवर ठेवणे ही शरणागतीची व काकुळतीची परिसीमा. मुलीच्या लग्नात अडलेल्या बापाच्या वर्णनात हा प्रसंग मराठी कथा-नाटकांत पुष्कळदा येतो. पागोट्यांची अदलाबदल करून दोन पुरुष एकमेकांचे पगडीभाऊ बनत. घरातील कर्ता पुरुष निवर्तल्यावर दुखवट्याच्या वेळी सोयऱ्यांनी वारसाच्या डोक्यास पागोटे बांधणे हा कुटुंबाची जबाबदारी त्याच्याकडे आल्याचा जाहीर स्वीकार होय. अलीकडे तेथे पागोट्याच्या जागी बहुधा टोपी किंवा उपरणे देतात. त्यातील अर्थ मात्र लोक अजून जाणतात.

अहमदनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शेतकऱ्याच्या डोक्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फेटा किंवा मुंडासे सर्रास दिसे. या अवर्षणप्रवण मुलखात उन्हापासून रक्षण हा त्याचा पहिला उपयोग. त्याखेरीज ओझ्याखाली चुंबळ, विहिरीवर कमी पडलेल्या दोराला जोड, भाकरी बांधण्यास फडके, झोपताना उशाला गुंडाळी असे त्याचे नाना उपयोग होत. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभारणारे विठ्ठलराव विखे पाटील छायाचित्रांत फेट्यातच दिसतात. शिर्डीचे साईबाबा (मृ. १९१८) डोक्यास बांधीत ते फडके मात्र पागोटे किंवा फेटा नव्हे. डोक्यावरून घेऊन मानेमागे एका बाजूस पीळ देऊन बांधलेले ते वस्त्र फकिरी पेहरावातील आहे. वारकऱ्यांचा पांढरा फेटा, धनगरांचे तांबडे मुंडासे यांची परंपरा अद्याप टिकून आहे. नांदेड येथे शिखांची मोठी वस्ती असून त्यांच्या दस्तारीस धर्मविहित स्थान आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याने पगडी बांधलेल्या शिखांस शिरस्त्राणाच्या सक्तीतून वगळले आहे.

पागोटे मागे पडण्याची कारणे अनेक होत. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाने प्रथम पगडीऐवजी रुमाल व पुढे टोपी पत्करली. १९२० नंतरच्या असहकाराच्या चळवळीत खादीची पांढरी गांधी टोपी खेड्यापाड्यांत पोहोचली. तिला कापड थोडे लागे, धुण्यास सोपी, किंमत नाममात्र, आणि तिच्यावरून जात ओळखता येत नसे. या शेवटच्या गुणाचे महत्त्व सहसा सांगितले जात नाही. पण घाटाघाटांत विभागलेल्या समाजात सर्वांच्या डोक्यांवर एकच टोपी येणे ही लहान घटना नव्हती. लांब पन्ह्याच्या पागोट्यांची मागणी घटली तसे त्यांवर अवलंबून असलेले हातमाग लुगड्यांकडे वळले किंवा बंद पडले. पगडबंदांचा व्यवसाय तर पुण्यासारख्या शहरांत मोजक्या घरांपुरता उरला.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून लग्नसमारंभात फेट्याचे पुनरागमन झाले. वऱ्हाडातील सर्व पुरुषांना, आणि आता पुष्कळदा स्त्रियांनाही, एकाच रंगाचे फेटे बांधण्याची चाल पडली असून त्यासाठी फेटे बांधणारे बोलावले जातात. गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून फेटा बांधलेल्या स्त्रिया दिसतात. कोल्हापुरी, पुणेरी अशी नावे सध्या बांधण्याच्या ढबीवरून दिली जातात. जुन्या वर्गीकरणाशी त्यांचा संबंध अल्प आहे. हा फेटा मानाचा असला तरी तो कोणाचाही असू शकतो.

पगडी या शब्दाचा आणखी एक अर्थ मुंबईच्या व्यवहारात रुजला. भाड्याची जागा मिळविण्यासाठी मालकास किंवा आधीच्या भाडेकरूस भाड्याखेरीज एकरकमी दिलेले द्रव्य म्हणजे पगडी. मान म्हणून पागोटे देण्याच्या प्रथेवरून हा अर्थ आला असावा. मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम, १९४७ याने असे द्रव्य घेणे हा गुन्हा ठरविला होता. तरीही व्यवहार पावतीविना चालूच राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला व त्याने अशी रक्कम घेण्यास कायदेशीर मान्यता दिली. मुंबईतील जुन्या चाळींच्या पुनर्बांधणीच्या वाटाघाटींत ‘पगडीची खोली’ हा शब्दप्रयोग रोजच्या वापरातला आहे.